बदकचाल आणि मायची पात

॥ श्री खंडेश्वरी प्रसन्न ॥

मु. पिंपळवाडी, पो. नेकनूर, जि. बीड
१२ जानेवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास शिवकन्याअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल नेकनूरच्या स्टँडवर आलं, ते यांनी सायकलवर घरी आणलं. आत निघालं ते असं : मायसाठी हिरवं नऊवारी लुगडं एक, गुडघ्याला चोळायच्या बामच्या बाटल्या दोन, खडीसाखर पावशेर आणि मला खण एक. हमालानं दोन रुपये घेतले, दीडला ऐकेना. बाटल्या फुटल्या नाहीत, खडीसाखर थोडी ओलसर झाली ती उन्हात घातली. लुगड्याचा काठ मायला लई आवडला. एवढं भारी कावून घेतलं म्हणून तुला दोन शिव्या दिल्या आणि लुगडं उशाला घेऊन निजली.

पार्सलबरोबर आणखी एक वस्तू आली. ती तू मुद्दाम पाठवली नसशील. बाटल्या एका साप्ताहिकाच्या पानांत गुंडाळल्या होत्या. तुला ठाऊक आहे, मी कागद टाकत नाही. हातानं सारखे करून फडताळात अंथरायला घेतले तर एका पानावर तूच. ढोपरात वाकून जवळजवळ बसलेला, एक पाय पुढं काढलेला, पोटाशी गिटार, अंगात चमचमणारा सदरा. खाली छापलं होतं, बदकचालीचा बादशहा मास्टर बॉबी.

बॉबी कोण ते मला आधी कळेना. मग सगळं वाचलं. तू मूळचा पुण्याचाच. घरी कुणी नाही. ही चाल अमेरिकेतल्या वादकाची बघून उचलली. आणि शेवटी जाड अक्षरात, गिटार हीच माझी आई.

बद्री, मी देवापुढं बसून ते तीनदा वाचलं. वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. पण फोटोतल्या पायांची कुठली चूक? ते पाय मी ओळखते. दिंद्रुडच्या शिवारात माय भुईमुगाच्या पातीला, आपल्या वाट्याच्या ओळीला, असायची, उकिडवी, एका हातात खुरपं, या बांधापासून त्या बांधापर्यंत न उठता सरकत जायची, आणि तिच्यामागं तू चार वर्षांचा, हातात काडी घेऊन तसाच सरकायचास. बाया हसून हसून बेजार व्हायच्या. म्हणायच्या, केसरबाई, तुझ्या पोराला अर्धी मजुरी द्यावी लागंल. त्या भुईमुगाच्या मजुरीवर तू शाळा शिकलास. आता तुला घरी कुणी नाही!

पुढचं ऐक. मायनं फोटो बघितला. तिनं तर तुला पायांवरूनच ओळखलं. विचारलं, काय लिवलंय, वाच. मी वाचलं. म्हणजे, तोंडाला आलं ते वाचलं. म्हटलं, यात लिहिलंय, ही चाल माझी नाही, माझ्या मायची आहे, ती शेतात अशी चालायची.

मायनं पान माझ्या हातातून घेतलं, त्याला हळदीकुंकू लावलं आणि घडी करून देवाच्या फळीवर ठेवलं. फडताळाला तो कागद गेला नाही.

आप्पा गेल्यापासून माय माझ्याकडं आहे, यांचं त्याबद्दल कधी काही म्हणणं नाही. पण शेजारची बायनाबाई पाण्याच्या टँकरपाशी रोज टोचते की पोरगा असून लेकीच्या दारात बसलीय. माय परत येते आणि कोणी न सांगता अंगण दुसऱ्यांदा झाडते. म्हणून मी खोटं वाचलं. एकादशीच्या दिवशी वाचलं, त्याचं मला काय प्रायश्चित्त ते देव बघेल. तुझं तू बघ.

यंदाही पावसानं दगा दिला. यांच्या दूध सोसायटीत पूर्वी सकाळी अकरा घागरी भरायच्या, आता तीन भरतात. जनावरं छावणीला नेली. बाकी ठीक. खरं काय ते लिही. लोभ आटला नाही, पण त्याला तडा गेलाय.

तुझी अक्का, शिवकन्या

•

पुणे
२१ जानेवारी १९८७

ती. सौ. अक्का, तुला व ती. दाजींना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. पार्सल माझ्या खोलीतल्या पोरानं बांधलं, हातात येईल त्या कागदात. त्याला दोष देऊन काय उपयोग? छापलं ते मीच बोललो होतो. बँडचे मालक शेजारी बसले होते. ते म्हणतात, बीडकडचा बद्रीनाथ गिटार वाजवतो म्हटलं तर तिकीट कोण काढील? म्हणून बॉबी. आणि बॉबीची माय खुरपायला जाते असं कसं चालेल? शेवटची ओळ त्यांनी सुचवली. मी नाही म्हणालो नाही.

तुला खरं काय झालं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी लष्कर भागात सकाळच्या खेळाला आम्ही बँडवाले एक इंग्रजी पिक्चर बघायला गेलतो. त्यात एक काळा गिटारवाला होता. वाजवता वाजवता तो खाली बसला, एक पाय पुढं टाकला आणि बसल्या बसल्या स्टेजभर चालला. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत उठलं. मी एकटाच खुर्चीत हसत होतो. मनात म्हटलं, हा बाबा कुणाच्या भुईमुगात खुरपतोय?

रात्री खोलीवर सगळ्यांनी ती चाल करून बघितली. ढोलकवाला तिसऱ्या पावलाला पालथा पडला. गाणाऱ्याच्या पोटरीत गोळा आला. मी गिटार घेतली, बसलो, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. सगळे तोंडाकडं बघत राहिले. त्या दिवशी माझा पगार वाढला. तेव्हा चाल अमेरिकेची हेही खरं, आणि पाय दिंद्रुडच्या शिवारातले हेही खरं. एक फरक आहे. माय सरळ सरकते, पाण्यासारखी. मी डुलतो. मला अजून तिच्यासारखं जमत नाही. लोक त्या डुलण्यालाच हसतात आणि टाळ्या देतात, म्हणून ते बदक नाव पडलं.

आता बातमी. छावण्यांच्या मदतीसाठी १५ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता बीडला आमचा कार्यक्रम ठरलाय. दाजींच्या सोसायटीलाही तिकिटं येतील. मायला घेऊन ये. माझ्या नंबरानंतर निवेदक दर वेळी विचारतो की मास्टर, ही चाल कुठून आणली. त्या वेळी मी माईकवर सांगीन की माझ्या मायकडून, आणि ती इथं पुढं बसली आहे. मायच्या गळ्याची शपथ. हे पत्र तिला जसंच्या तसं वाचून दाखव. वरचा मालकांचा भाग तेवढा गाळ.

रागावू नकोस. तुझ्या हातची शेंगदाण्याची पोळी खाऊन दोन वर्षं झाली.

तुझा धाकटा, बद्री

•

॥ श्री खंडेश्वरी प्रसन्न ॥

पिंपळवाडी
३ फेब्रुवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. सांगितलास तेवढाच भाग गाळला. त्या इंग्रजी माणसाचं ऐकून तिनं विचारलं की त्यांच्याकडं बी भुईमूग असतो का, आणि त्याच्या मालकानं त्याला एक पाय लांब कावून करू दिला, तसं केलं तर खुरपं पुढं पोचत न्हाई. हे ऐकून यांना हसू आवरेना. म्हणाले, सासूबाईंनाच खुरपं देऊन स्टेजवर चढवा, तुमचा बॉबी घरी बसंल.

तिकिटं आली. माय, मी, हे आणि बायनाबाई. हो, बायनाबाई! मायनं स्वतः जाऊन तिला आवतण दिलं. टँकरपाशी आता सगळ्या गावाला माहीत आहे की पोरगा माईकवर मायचं नाव घेणार. सोसायटीत दूध घालायला येणारे सुद्धा विचारतात, केसरबाई, आमाला वळख द्याल ना मग? माय मान हलवते, हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. पण अंगण एकदाच झाडते.

काल तिनं मला विचारलं की वर बोलावलं तर चप्पल कुठं काढायची. दूध संघाचे अध्यक्ष मोहनराव वर बसलेले असणार, त्यांना आधी नमस्कार करायचा का आधी तुझ्या पेटीला, म्हणजे गिटारीला. मी म्हटलं, वर बोलावतील असं नाही, नुसतं नाव घेईल. ती म्हणाली, नाव घेतल्यावर बसून कसं ऱ्हायचं?

बद्री, तुला लिहून ठेवते. आमच्या जागा पुढून दुसऱ्या रांगेत, डाव्या अंगाला आहेत. माय तूच धाडलेलं हिरवं लुगडं नेसणार आहे. तुला ती दिसणार नाही असं होणार नाही. भाषण नको. एक वाक्य पुरे. मी एकदा खोटं वाचलंय, ते तुझ्या त्या एका वाक्यानं खरं होईल. नाही झालं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

पोळ्या करून आणते. प्रवासात घसा जप.

तुझी अक्का

•

लातूर मुक्काम
१९ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. अक्का, शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम संपल्या संपल्या गाडी लातूरला काढली, म्हणून भेट झाली नाही. पोळ्यांचा डबा कुणीतरी मागं आणून दिला, गाडीत सगळ्यांनी खाल्ल्या. पब्लिक लई झालं होतं. मोहनरावांनी स्वतः हार घातला. दोन कारखान्यांच्या लोकांनी तिथंच पुढच्या तारखा दिल्या.

ते वाक्य राहून गेलं. निवेदकानं विचारलं तेव्हा मालक पडद्याशी उभे होते. त्या कारखान्यांशी बोलणं अमेरिकन स्टेप म्हणूनच झालं होतं, तसे कागदही छापलेत. माईक तोंडाशी आला आणि रोजचं तेच बाहेर पडलं. तोंडाला सवय असते, अक्का. तू समजून घेशील. लातूरला नाही तर परभणीला नक्की सांगतो, तिथं आपलं गणगोत नसलं म्हणून काय झालं.

मला माय दिसली. ती मधेच उभी कावून राहिली? गुडघे धरले होते का? बाम संपला असेल तर कळव, दुसरा धाडतो. तिला तुझ्या पद्धतीनं समजाव. तुला जमतं ते.

तुझा, बद्री

•

॥ श्री खंडेश्वरी प्रसन्न ॥

पिंपळवाडी
४ मार्च १९८७

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद. 

माय कावून उभी राहिली विचारतोस. ते सांगते.

तू गिटार घेऊन खाली बसलास तेव्हा पोरं बदक, बदक म्हणून ओरडायला लागली. बायनाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. माय हसली नाही. तिची नजर तुझ्या पायांवर होती. डावीकडून उजवीकडं गेलास आणि परत फिरलास, तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली की टाच उचलतोय, म्हणून डुलतोय. टाच भुईला ठिवली तर डुलणार न्हाई, घरी आल्यावर सांगते त्याला. मग निवेदकानं विचारलं. तू आमच्याकडं बघितलंस. मी बघितलं तू बघितलंस ते. मायनंही बघितलं. तिनं चप्पल पायातून काढली, पदर सारखा केला, समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरलं आणि उठली. तुझ्या तोंडातून सातासमुद्रापार निघालं तेव्हा ती अर्धी उठली होती. पुरं उठायला तिला वेळ लागतो. तू अमेरिका म्हणालास तेव्हा ती पुरी उभी होती.

मागच्यांनी ओरडून सांगितलं, म्हातारे, खाली बस, दिसत नाही. तू माईकवर हसलास.

ती बसली. चप्पल पायात घालायला मी वाकले तर माझा हात बाजूला सारला. बायनाबाई, जी वर्षभर टोचत आली, तिनं आपली पाण्याची बाटली मायपुढं धरली. त्या बाटलीनं मला जेवढं लागलं तेवढं तिच्या बोलण्यानं कधी लागलं नव्हतं.

सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोतून परत येताना मायनं मला एकच विचारलं. कागदात तर माझं नाव हाय, तू वाचलं होतंस. मंग कागदावर एक आन् तोंडानं एक, असं कावून? मी म्हणू शकले असते की घाबरला असेल. तुझी बाजू सावरायची मला जन्माची सवय आहे. पण मी टेम्पोच्या फळीकडं बघत बसले आणि ती माझ्याकडं.

मंगळवारी पोस्टमन मुंजाजी टपाल घेऊन आला. मायनं देवाच्या फळीवरचं ते पान काढलं, हळदीकुंकू झटकलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याला काय माहीत? त्यानं मनिऑर्डर वाचावी तसं घडाघडा वाचलं. मूळचा पुण्याचा. घरी कुणी नाही. गिटार हीच माझी आई. मायनं त्याला ती शेवटची ओळ परत वाचायला लावली. तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. पण वाचली. त्याला चहा दिला, तो न पिता गेला.

मी पाया पडायला गेले. मायनं पाय आत घेतले. रागानं बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. तूर निवडत होती, निवडता निवडता म्हणाली. तुझ्यासाठी एक म्हणाली आणि माझ्यासाठी एक. दोन्ही लिहिते.

तुझ्यासाठी म्हणाली की पात ज्याची आधी होते, त्यानं बांधावर जाऊन बसायचं नसतं. त्यानं माघारी वळायचं असतं, आणि जी बाई मागं ऱ्हायली तिच्या पातीला समोरून लागायचं असतं, दोघी मधी भेटेपतोर. बद्रीची पात पुढं गेली. लई चांगलं झालं. त्यो वळला न्हाई एवढंच.

आणि माझ्यासाठी म्हणाली, तू तर बाई माझ्याच पातीत, माझ्याच शेजारी होतीस. लव्हाळा मुळातून काढला न्हाईस. वरून शेंडा कापलास आन् माती लोटलीस. मालकाला रान साफ दिसतं. पहिल्या पाण्याला दुप्पट उगवतो, आन् मग कुनी काढायचा?

बद्री, तू मला लिहितोस की तुझ्या पद्धतीनं समजाव, तुला जमतं ते. होय, जमत होतं. दहा वर्षं तुझी पत्रं मी वाचली. तू लिहायचास गडबडीत आहे, मी वाचायचे मायची लई आठवण येते. तू दिवाळीला चार ओळी लिहायचास, मी आठ वाचायचे. मला वाटायचं मी तुम्हा दोघांना जोडून धरते. तुला लिहायची गरजच पडू दिली नाही मी. तू शपथ मोडलीस ती एका दुपारी मोडलीस. मी तर पोस्टमन आला की दर वेळी मोडत होते. दोघांमधला दगा कुणाचा मोठा ते मी देवाला विचारत नाही, उत्तर ठाऊक आहे.

तुझं लातूरचं पत्र मी तिला वाचून दाखवायला घेतलं तर ती म्हणाली, ठिव. मुंजाजी आला की वाचंल. त्याला आता लाज वाटते यायला, पण येतो. त्यानं वाचलं. राहून गेलं, तोंडाला सवय असते, परभणीला गणगोत नाही, सगळं जसंच्या तसं. माय ऐकत होती. बामचं विचारलंस ते ऐकून म्हणाली की आहे अजून एक बाटली.

लुगडं धुऊन, घडी करून पेटीत ठेवलंय. मी म्हटलं परत धाडू का, तर म्हणाली कापडानं काय केलंय? रोजचं जुनं नेसते. अंगण पुन्हा दोनदा झाडते. यांनी तिला सांगितलं की सासूबाई, हे घर तुमचंच आहे. तिनं ऐकून घेतलं. बायनाबाई संध्याकाळी येऊन बसते, दोघी तूर निवडतात.

आता नीट वाच. यापुढं पत्र माझ्या नावानं घालू नकोस, मी फोडणार नाही. वर लिही, केसरबाई, मु. पिंपळवाडी. मुंजाजी ते सोसायटीच्या ओट्यावर वाचून दाखवणार, तसं मायनं त्याला सांगून ठेवलंय. तिला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्यानं वाचतो, आणि सकाळी दूध घालायला आलेली माणसं तिथंच उभी असतात. मालक तिथं नसतात. पडदा नाही आणि तिकीटही नाही. तुला जे लिहायचं ते लिही. चार ओळी लिहिल्यास तर चारच ऐकू जातील. मी मागं उभी असेन आणि एक शब्द बदलणार नाही.

मुंजाजी मंगळवारी आणि शनिवारी येतो. त्या दिवशी माय सकाळपासून ओट्यावर जाऊन बसते, टाच भुईला ठेवून. उलट टपाली लिही.

शिवकन्या